वाईट बातमीचा वरचा प्रवास

खाजगी उद्योगांना जे साधते ते सरकारी यंत्रणेला का साधू नये, हा प्रश्न जुनाच आहे. तो सैन्यदलांच्या बाबतीत विचारला जातो तेव्हा मात्र त्याला वेगळे गांभीर्य प्राप्त होते. कारण कारखान्याचा हिशेब चुकला तर भागधारकांचे पैसे बुडतात आणि सैन्याचा चुकला तर माणसे मरतात. सेनाधिकाऱ्यांना व्यवस्थापनशास्त्राचे धडे द्यावेत ही कल्पना आपल्याकडेही बरीच रुजलेली आहे. सिकंदराबाद येथे १९७० साली संरक्षण व्यवस्थापनाची संस्था निघाली, पुढे १९८० मध्ये तिला महाविद्यालयाचे स्वरूप मिळाले आणि तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांच्या कित्येक तुकड्या तेथून बाहेर पडल्या. तेव्हा उद्योगाकडून सैन्याने काही शिकावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. शिकावे काय, हा वाद मात्र शिल्लक आहे, आणि त्याचे उत्तर चुकीचे दिले गेल्यास काय होते याचे एक मोठे उदाहरण इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॅरोल्ड विलेन्स्की यांनी १९६७ साली 'ऑर्गनायझेशनल इंटेलिजन्स' या नावाचा ग्रंथ लिहिला. येथे 'इंटेलिजन्स' म्हणजे केवळ हेरगिरी नव्हे. संघटनेत ठिकठिकाणी विखुरलेली माहिती निर्णय घेणाऱ्याच्या हाती वेळेवर, खरी आणि उपयोगी पडेल अशा रूपात पोचते की नाही, या सामर्थ्याला विलेन्स्की संघटनेची बुद्धी म्हणतात. संघटनेतील माणसे एकेकटी अत्यंत हुशार असूनही संघटना या अर्थाने मठ्ठ असू शकते. अधिकाराची उतरंड, खात्याखात्यांतील भिंती आणि सर्व सूत्रे एका जागी एकवटण्याची हौस ही त्या मठ्ठपणाची कारणे त्यांनी सांगितली. हा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्या वर्षी त्याचा सर्वांत ढळढळीत पुरावा व्हिएतनाममध्ये तयार होत होता.

त्या युद्धाच्या काळातील अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा हे उद्योगातून आलेले होते. हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयात त्यांनी अध्यापन केले होते. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या सांख्यिकी विभागात काम केल्यावर, १९४६ साली, त्याच विभागातील सहकाऱ्यांसह ते फोर्ड मोटर कंपनीत शिरले. हे दहा तरुण अधिकारी पुढे मोठे नावाजले गेले. वारसाहक्काने चालत आलेली व हिशेबांचा मेळ नसलेली ती कंपनी त्यांनी आकड्यांच्या शिस्तीत आणली. १९६० च्या नोव्हेंबरात मॅक्नमारा तिचे अध्यक्ष झाले. फोर्ड घराण्याबाहेरचा माणूस त्या खुर्चीवर बसला. काही आठवड्यांतच केनेडींनी त्यांना संरक्षण खात्यासाठी बोलावून घेतले. तेथे त्यांनी अंदाजपत्रकाची नवी पद्धत आणली आणि शस्त्रखरेदीत प्रत्येक दलाने आपापला हट्ट चालवण्याच्या सवयीला आळा घातला. हे काम चांगले होते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. कोणते क्षेपणास्त्र कमी खर्चात तेच काम करील, या प्रश्नाला आकड्याचे उत्तर असते.

युद्ध जिंकत आहोत की हरत आहोत, या प्रश्नाला तसे उत्तर नव्हते. व्हिएतनाममध्ये आघाडी अशी नव्हतीच. नकाशावर रेघ मारून आज इतके मैल पुढे सरकलो असे सांगण्याची सोय नव्हती. मग प्रगतीचे माप म्हणून शत्रूचे मुडदे मोजण्यात येऊ लागले. १९६७ पासून खेड्यांनाही श्रेणी देणे सुरू झाले. सुरक्षित खेडे 'ए' आणि तेथून खाली 'ई'पर्यंत. महिन्याच्या महिन्याला तक्ते भरून सायगावला आणि तेथून वॉशिंग्टनला जात. बटालियनच्या प्रमुखाला आघाडीवर साधारणतः सहा महिनेच मिळत आणि त्या सहा महिन्यांच्या कामगिरीवर त्याची पुढची बढती अवलंबून असे. अशा माणसाने जंगलातील धुमश्चक्रीनंतर किती प्रेते मोजली असतील आणि त्यांतील किती सैनिकांची व किती शेतकऱ्यांची होती याचा शोध कितपत घेतला असेल, हे समजण्यास युद्धशास्त्राची गरज नाही. त्या युद्धात सेनानी म्हणून काम केलेल्या अमेरिकन जनरलांची मते डग्लस किनार्ड यांनी पुढे एका पाहणीत गोळा केली आणि १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मुडद्यांचे आकडे अनेकदा फुगवलेले असत, असे त्यांपैकी ६१ टक्क्यांनी सांगितले. म्हणजे जे खोटे आहे हे बहुतेकांना ठाऊक होते, तेच वर पाठवले जात होते.

याहून उद्बोधक प्रकरण १९६७ सालचे आहे. शत्रूचे एकूण बळ किती, यावर मध्यवर्ती गुप्तवार्ता संघटना आणि सायगावचे लष्करी मुख्यालय यांच्यात वाद पेटला. खेड्यापाड्यांतील अर्धवेळ लढवय्ये धरले तर आकडा पाच-सहा लाखांच्या घरात जातो, असे गुप्तवार्ता संघटनेतील अभ्यासकाचे म्हणणे. मुख्यालय तीन लाखांच्या पुढे जाण्यास तयार नव्हते. मोठा आकडा बाहेर आला तर वृत्तपत्रे निराशेचे निष्कर्ष काढतील, ही चिंता सायगावहून गेलेल्या संदेशांत स्पष्टपणे व्यक्त झाली होती. अखेर त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ग्रामीण लढवय्यांना वगळून अहवाल सिद्ध झाला आणि त्याच महिन्यात सेनापती वेस्टमोरलंड यांनी वॉशिंग्टनला येऊन युद्धाचा शेवट दृष्टिपथात असल्याचे सांगितले. १९६८ च्या जानेवारीअखेर, टेट सणाच्या सुमारास, शंभराहून अधिक शहरांवर एकाच वेळी हल्ले झाले. सायगावमधील अमेरिकन वकिलातीच्या आवारातही शत्रू शिरला. रणांगणावर त्या हल्ल्यांत कम्युनिस्टांचीच हानी अधिक झाली, हे खरे आहे. परंतु तक्त्यांवरचा अमेरिकन जनतेचा विश्वास त्या दिवशी संपला. महिनाभरात मॅक्नमारा पायउतार झाले. आपण चुकलो, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केले ते १९९५ साली, आपल्या आठवणींत.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना यात नवल वाटणार नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनपुरवठ्याच्या संदर्भात सांगितलेला नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो: एखादे मोजमाप नियंत्रणासाठी वापरू लागले की ते विश्वासार्ह राहत नाही. उत्पादनाचे लक्ष्य टनांत ठरवले की कारखाना वजनदार माल काढू लागतो, हा सोव्हिएट नियोजनाचा अनुभव होता. आणि याच्या आकलनासाठी इतके दूर तरी कशाला जावे? आपल्या कोणत्याही कचेरीत 'निरंक' या शब्दाचे माहात्म्य ज्याला ठाऊक आहे, त्याला सायगाव समजते. वरून विचारणा येते. खाली काहीतरी बिघडलेले असते. ते लिहिले तर चार प्रश्न उपस्थित होणार, खुलासा द्यावा लागणार. मग रकान्यात 'निरंक' असे लिहून कागद पुढे सरकतो. रात्रीच्या पहारेकऱ्याने सर्व ठीक असल्याची इंग्रजी आरोळी ठोकावी, तिचेच मराठीत 'आलबेल' झाले. पहारेकरी झोपलेला असला तरी जाग येताच तो हीच आरोळी ठोकतो, हे तिचे वैशिष्ट्य.

तेव्हा उद्योगाकडून मोजमापाचा धडा घेऊन सैन्य शहाणे होत नाही. मग घ्यावा असा धडा कोणता? तो जपानच्या मोटारधंद्यात सापडतो आणि त्याचे मूळ मोटारीत नसून मागात आहे. साकिची टोयोडा यांनी असा स्वयंचलित माग बनवला की धागा तुटताक्षणी तो आपोआप थांबे. चालत राहणारा माग अधिक कापड विणतो, पण ते सदोष. थांबणारा माग दोष जागच्या जागी दाखवतो. त्यांच्या वारसांनी टोयोटा मोटार कंपनी काढल्यावर हेच तत्त्व तेथे माणसांच्या बाबतीत लागू झाले. जुळणीच्या रांगेवरील कोणत्याही कामगाराला काही खटकले तर त्याने डोक्यावरची दोरी ओढावी. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो आणि ठरल्या वेळात दोष निघाला नाही तर सारी रांग थांबते. महत्त्व दोरीला नाही. ती ओढणाऱ्याला कोणी दटावत नाही, उलट ती बराच काळ कोणीच ओढली नाही तर वरिष्ठांना काळजी वाटू लागते, याला महत्त्व आहे. तेथे 'निरंक' हा चांगला अहवाल मानला जात नाही.

हा धडा उद्योगांनाही सहजी पचत नाही, हेही सांगितले पाहिजे. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील कारखाना गैरहजेरी आणि भांडणे यांसाठी कुप्रसिद्ध होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. दोन वर्षांनी टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच होते. पद्धत नवी होती. थोड्याच काळात तेथील गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या. जनरल मोटर्सचे अधिकारी तेथे राहून सारे शिकले. पण आपल्या इतर कारखान्यांत परतल्यावर ते शहाणपण रुजवणे त्यांना कित्येक वर्षे साधले नाही. दोरी बसवता आली, ती ओढणाऱ्यावर ओरडणे थांबवता आले नाही. २००९ साली त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

पण येथेच उद्योग आणि सैन्य यांतील मूलभूत फरक लक्षात येतो. फ्रेडरिक हायेक यांनी १९४५ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात म्हटले होते की, समाजातील ज्ञान असंख्य लोकांत विखुरलेले असते आणि बाजारातील किंमत ते गोळा करून सर्वांपर्यंत पोचवते. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांना खालून खोटे अहवाल येत असतील, पण गिऱ्हाईक खोटे बोलत नव्हते. ते जपानी गाडी घेत होते. उतरंडीला वळसा घालून थेट दारात येणारा असा एक निरोप्या प्रत्येक व्यापाऱ्याकडे असतो. सैन्याकडे तो नाही. शांततेच्या काळात त्याला गिऱ्हाईक नसते आणि नफातोट्याचे पत्रक नसते. पंधरावीस वर्षांनी एकदा शत्रू येतो आणि सगळा हिशेब एका पहाटे पुढे ठेवतो. म्हणून व्यापाऱ्याला जे आयते मिळते ते सैन्याला मुद्दाम, खर्च करून आणि पुष्कळ मानापमान गिळून उभे करावे लागते.

व्हिएतनामचे चटके बसलेल्या अमेरिकन भूदलाने ते काही अंशी केले. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात फोर्ट अर्विन येथे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मोठे प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथे शत्रूची भूमिका करणारी कायमची फौज ठेवण्यात आली आणि तिला जिंकण्याची पूर्ण मुभा होती. ती बहुधा जिंकेच. लटकी लढाई संपल्यावर सर्वजण एकत्र बसत. काय ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, तसे का झाले, याची उजळणी होई आणि तीत कनिष्ठाने आपल्या कर्नलची चूक त्याच्यासमोर सांगावी अशी अपेक्षा असे. ही पद्धत पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी सैन्याकडून उचलली. देवाणघेवाण अशी दुतर्फा आहे. दुसऱ्या महायुद्धात पी. एम. एस. ब्लॅकेट यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ब्रिटिश सेनादलांसाठी केलेल्या संशोधनातून जी शाखा वाढली, तीच युद्धानंतर उद्योगांत शिरली. पाणबुड्यांवर टाकायचे बाँब अधिक उथळ पाण्यात फुटतील असे लावावेत, ही साधी सूचना त्या संशोधनाने केली आणि ती अंमलात आल्यावर बुडणाऱ्या पाणबुड्यांची संख्या लक्षणीय वाढली. पांढरपेशा शास्त्रज्ञाचे म्हणणे नौसैनिकांनी ऐकून घेतले, हा त्यातील खरा विशेष.

भारताचा अनुभव या कसोटीवर घासून पाहिला तर काय दिसते? १९६२ मध्ये सीमेवर पुढे पुढे चौक्या रोवण्याचे धोरण चालू होते आणि चीन मोठ्या प्रमाणावर बळाचा वापर करणार नाही, हे गृहीतक त्याच्या मुळाशी होते. हे गृहीतक चुकीचे आहे असे सांगणारे सैन्यात नव्हते असे नाही. नेफा आघाडीवरील ३३ व्या कोअरचे प्रमुख ले. जनरल उमराव सिंग यांनी थाग ला टेकाडावरून चिन्यांना हुसकावण्याच्या बेतातील अडचणी, रसद, रस्ते, तोफा आणि वेळ यांचा हिशेब मांडून लेखी दाखवल्या होत्या. कारखान्याच्या भाषेत, त्यांनी दोरी ओढली. परिणाम असा की, ऑक्टोबरच्या प्रारंभी नेफाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून नव्याने उभारलेल्या ४ थ्या कोअरकडे, म्हणजे ले. जनरल बी. एम. कौल यांच्याकडे सोपवण्यात आली. २० ऑक्टोबरच्या पहाटे नामका चू नदीकाठी, उंचावरील शत्रूच्या थेट माऱ्यात ठेवलेली ब्रिगेडियर दळवी यांची ७ वी ब्रिगेड काही तासांत उद्ध्वस्त झाली. दळवी स्वतः कैद झाले. हिशेब मांडणारा बाजूला गेला होता; हिशेब मात्र चुकला नव्हता.

त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, असे त्या वेळी मोठ्या अभिमानाने म्हटले गेले. चव्हाणांनी दलप्रमुखांशी नियमित बैठकींची प्रथा पाडली आणि मोडलेला विश्वास बराचसा सांधला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ले. जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांनी केलेल्या चौकशीवर त्यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत निवेदनही केले. डोंगरी युद्धाचे शिक्षण अपुरे होते, शत्रूविषयीची माहिती गोळा करण्यात संथपणा व ती कळवण्यात मोघमपणा होता, वरची मुख्यालये खालच्या सेनानींच्या लहानसहान हालचालींत ढवळाढवळ करीत, हे सारे त्या निवेदनात होते. विलेन्स्कींच्या ग्रंथातील एखादे प्रकरणच जणू चार वर्षे आधी संसदेत वाचले गेले. मात्र मूळ अहवाल प्रसिद्ध झाला नाही. २०१० साली संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेस सांगितले की, त्यातील मजकूर आजही लष्करीदृष्ट्या महत्त्वाचा आहे. २०१४ च्या मार्चमध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने अहवालाचा मोठा भाग जगापुढे ठेवला, तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटली यांनी या गुप्ततेवर टीका केली. आणि त्याच वर्षाच्या जुलैत संरक्षणमंत्री या नात्याने त्यांनीच राज्यसभेत सांगितले की, अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही. या एका बाबतीत दोन्ही प्रमुख पक्षांत मतभेद दिसत नाहीत.

कारगिलच्या वेळी वेगळा मार्ग निवडला गेला. १९९९ च्या मे महिन्यात घुसखोरीची पहिली वर्दी मेंढपाळांनी दिली. ती कोणत्याही खात्याच्या उतरंडीतून आली नव्हती. पाचशेहून अधिक जवान त्या लढाईत कामी आले. जुलैअखेरीस के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि काही भाग वगळून तिचा अहवाल २००० च्या फेब्रुवारीत संसदेपुढे ठेवण्यात आला. त्या अहवालातील एक तपशील प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. १९९८ च्या जूनमध्येच गुप्तवार्ता विभागाच्या संचालकांनी सीमेपलीकडील हालचालींविषयी एक पत्र धाडले होते. ते पंतप्रधान, गृहमंत्री, मंत्रिमंडळ सचिव अशा वरिष्ठांना गेले. ज्यांनी त्या माहितीचा इतर माहितीशी मेळ घालायचा ते तिघे, म्हणजे 'रॉ'चे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता संचालनालयाचे प्रमुख, पत्त्याच्या यादीत नव्हते. माहिती होती, ती वरही गेली होती. ती आडवी गेली नव्हती. हे बाहेर आले म्हणूनच पुढे मंत्रिगटाला तिन्ही दलांच्या सामायिक गुप्तवार्ता संस्थेची शिफारस करावी लागली आणि ती संस्था २००२ मध्ये स्थापन झाली. त्याच मंत्रिगटाने २००१ साली सुचवलेले संरक्षण दलप्रमुखाचे पद मात्र १ जानेवारी २०२० रोजी अस्तित्वात आले. एकोणीस वर्षे हा कालावधी अभिमानास्पद नाही. तरीही सूचना सर्वांच्या डोळ्यांपुढे होती, आणि ती विसरली जाऊ नये म्हणून कोणीतरी दरवर्षी विचारत होते.

शिस्तीचा मुद्दा येथे हमखास उपस्थित केला जातो. सैन्य म्हणजे वादविवाद मंडळ नव्हे. गोळ्या सुटत असताना शिपाई प्रश्न विचारू लागला तर लढाई कशी व्हायची? हा आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो नेमक्या जागी लागत नाही. दोरी ओढण्याचा अधिकार मिळालेला कामगार मोटारीचा आराखडा बदलत नाही. तो दोष दाखवून थांबतो. फोर्ट अर्विनची चर्चा लढाईनंतर होते, लढाईत नव्हे. उमराव सिंगांनीही आज्ञाभंग केला नव्हता. आज्ञा पाळण्यास काय लागेल एवढेच लिहिले होते. शिस्त आणि मौन यांची गल्लत करणे वरिष्ठांच्या सोयीचे असते, म्हणून ती पुनःपुन्हा केली जाते. भारतीय सेनेतील निवृत्त अधिकारीच एका रोगाविषयी सतत लिहीत आले आहेत. त्याला ते 'झिरो एरर सिंड्रोम' म्हणतात. एक चूक नोंदली गेली तर गोपनीय अहवाल बिघडतो आणि बढती हुकते, म्हणून चूक होऊ न देण्याऐवजी ती दिसू न देण्याकडे कल वाढतो. ज्या अधिकाऱ्याच्या सरावात सर्व काही योजल्याप्रमाणे पार पडले आणि ज्याच्या सरावात तीन दोष उघडकीस आले, त्या दोघांपैकी अधिक गुण कोणाला मिळतात? बढतीच्या नियमांत याचे उत्तर बदलल्याशिवाय व्यवस्थापनाच्या कितीही शिबिरांचा उपयोग होणार नाही.

गुप्ततेचा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. चीनची सीमा आजही निश्चित झालेली नाही. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय सैनिकांना प्राण गमवावे लागले. जुन्या अहवालातील काही नकाशे, काही मार्ग अजूनही उपयोगाचे असू शकतील. परंतु त्यासाठी काय करावे याचा पायंडा कारगिल समितीच्या अहवालाने घालून दिलेलाच आहे: नाजूक परिच्छेद वगळावेत आणि बाकीचे छापावे. मुख्यालये ढवळाढवळ करीत होती, हे वाचून शत्रूला कोणताही डोंगर चढता येत नाही. ज्यांच्यावर त्या अहवालात ठपका असेल ते सेनानी व मुलकी अधिकारी हयात नाहीत. त्यांच्या बढतीचा प्रश्न नाही. आणि ज्या कागदाचा मोठा भाग परदेशी पत्रकाराने जगापुढे ठेवला आहे, तो पेइचिंगमध्ये वाचला गेला नसेल असे मानणे कठीण आहे. १९६२ मध्ये नेमके काय घडले, हे समजून घेऊ पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला मात्र एकीकडे दळवींसारख्यांच्या आठवणी आणि दुसरीकडे मॅक्सवेल यांनी उघड केलेला अपुरा मजकूर यांवर आजही भिस्त ठेवावी लागते. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांनी आपल्या सेनेसाठी लिहिलेले पान त्याला अधिकृतपणे उघडता येत नाही.